सकाळी अंगात काय होतं?

बसा.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पडेगावात संध्याकाळ उतरते आहे. खिडकी उघडी असू द्या. नगर नाक्याकडून येणाऱ्या गाड्या मिटमिट्याकडे जातात, तिथून शरणापूर, दौलताबाद. वेरूळ बघून परतणाऱ्या बस समोरून येतात. लांबवर देवगिरीचा डोंगर काळा होत चालला आहे.

घरात टीव्ही चालू आहे. त्याचा आवाज बंद करा. चित्र राहू द्या.

श्वास आपोआप चालला आहे. त्याला काही करू नका.

पडद्यावर ‘विदाऊट अ ट्रेस’ ही अमेरिकन मालिका आहे. 2002 ते 2009 अशी सात वर्षं ती चालली. न्यूयॉर्कमधलं एफबीआयचं एक पथक, आणि त्याचं काम एकच, बेपत्ता माणसांचा शोध. पथकाचा प्रमुख जॅक मेलोन. ती भूमिका अँथनी लापालिया करतो.

भाग सुरू होतो तेव्हा काहीच घडत नसतं. एक माणूस चालतो आहे. कुणी दुकानातून बाहेर पडतं, कुणी जिना उतरतं.

आणि ते माणूस हळूहळू विरळ होतं. रस्ता तसाच राहतो. जिना तसाच राहतो. माणूस नाहीसं होतं.

इथं थांबा. पुढचं बघू नका.

त्या मोकळ्या जागेकडे बघा. आत्ता तिथं कुणीतरी होतं.

डोळे लगेच दुसरं काहीतरी शोधू लागतात. मागची भिंत, बाजूची गाडी. रिकाम्या जागेवर नजर टिकत नाही. तिला हळूच परत आणा. पुन्हा निसटेल. पुन्हा आणा.

हेच या पथकाचं काम आहे. फळ्यावर एक आडवी रेघ असते, तिच्यावर तास मांडलेले असतात. आठ वाजता घरून निघाली. सव्वानऊला कुणाशी तरी बोलली. त्यानंतर काही नाही. त्या ‘काही नाही’पाशी ही माणसं बसून राहतात. ती कोण होती, कशाला घाबरायची, कुणाजवळ मोकळं बोलायची, हे विचारत विचारत ती जागा भरत नेतात. खून झाल्यावर येणारा गुप्तहेर पुरावा बघतो. इथं आधी माणूस समजून घ्यावं लागतं, मगच वाट दिसते. म्हणून ही मालिका मला बाकीच्यांहून वेगळी वाटते.

काही भागांच्या शेवटी खऱ्या बेपत्ता माणसांची माहितीही दाखवली जायची. गोष्ट संपली तरी बघणाऱ्याची नजर त्यांना आणखी थोडी हवी होती.

आता ते चित्र जाऊ द्या.

दुसरं चित्र येऊ द्या. जुनं, आपलं.

मुंबई दूरदर्शन. ‘आपण यांना पाहिलंत का?’

तुमच्या घरात कुणाला ना कुणाला ते आठवत असेल. एक फोटो, बहुतेकदा लग्नातला किंवा शाळेच्या ओळखपत्रावरचा. मागून सपाट आवाज, कुठेही न चढणारा, न थरथरणारा. नाव. वय. उंची. रंग. बांधा. अंगात काय. पायात काय. कोणती भाषा बोलतात. आढळल्यास कुणाला कळवावं.

मग पुढचा फोटो.

आपण एका फोटोवर थांबू या. कुणाचाही घ्या. चेहरा स्पष्ट नसला तरी चालेल.

रंग सावळा.

थांबा.

बांधा मध्यम.

थांबा.

अंगात फिकट निळा सदरा, एक बटण तुटलेलं.

इथं जास्त वेळ थांबा.

हे बटण कुणी सांगितलं?

कुणीतरी ठाण्यात गेलं असेल. समोर टेबल, पलीकडे हवालदार. आईनं बाकावर बसून पदर हातात घट्ट धरला असेल. मिसिंग द्यायला आले आहेत, असं कुणीतरी आत सांगतं. कागद पुढं ओढला जातो. नाव, वय, पत्ता. इथवर उत्तरं पटापट येतात.

मग प्रश्न येतो. सकाळी अंगात काय होतं?

आणि आई गप्प होते.

ती डोळे मिटते. सकाळ परत मागे आणायचा प्रयत्न करते. चहा उतू गेला होता. गॅस बारीक केला. मागून आवाज आला, मी निघतो. तिनं हो म्हटलं. पाठ दाराकडे होती.

सदरा कोणता होता?

निळा. बहुतेक निळा. तो ज्याचं बटण लावायचं राहिलं होतं.

त्या आईजवळ बसा. काही बोलू नका. तिला तो सदरा आठवू द्या.

आता एक काम करा. सोपं आहे आणि अवघडही आहे.

तुमच्या घरातलं एक माणूस मनात आणा. आज सकाळी घरातून बाहेर पडलेलं. मुलगी, वडील, नवरा, सून, कुणीही.

त्यांच्या अंगात काय होतं?

घाई नको. रंग आठवा. बाह्या लांब होत्या की आखूड? पायात चप्पल होती की बूट? केस बांधलेले होते का? हातात पिशवी होती का? दारातून बाहेर पडताना चेहरा कसा होता?

आठवत नसेल तर नसू द्या. स्वतःला टोचू नका. जे आठवतं तेवढंच बघा. एखादी बांगडी दिसेल. ओल्या केसांचा वास येईल. बाकीचं धूसर असेल. त्या धूसरपणाकडेही बघा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

या तपासात पहिला साक्षीदार घरातलाच असतो. त्यानं रोजच्या रोज, काहीही घडलेलं नसताना, जेवढं बघून ठेवलं असेल तेवढंच कागदावर उतरतं. बाकी सगळं त्यानंतर.

आता एका पोलिसाकडे जाऊ. हा मालिकेतला नाही.

मुंबईत अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगर पोलीस ठाणं आहे. तिथं सहायक उपनिरीक्षक राजेंद्र धोंडू भोसले काम करत होते. 2008 ते 2015 या काळात त्या ठाण्यात 166 मुली हरवल्याची नोंद झाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला. 165 मुली सापडल्या.

आकडा सोडा. त्यातली एक मुलगी घ्या. पुन्हा दारात उभी असलेली. मग दुसरी. मग तिसरी. दर वेळी एक दार उघडतं. दर वेळी आत कुणीतरी ओरडतं, रडतं, कुणी भिंत धरतं.

अशी 165 दारं. मनात एवढी उघडता येत नाहीत. पाच-सात उघडा आणि थांबा.

एक दार बंद राहिलं.

22 जानेवारी 2013. सात वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवर होती. ती शाळेत पोचली नाही.

भोसले तिला शोधत राहिले. नोकरीत होते तोवर शोधलं. 2015 मध्ये ते निवृत्त झाले. वर्दी उतरली, शोध थांबला नाही. तिचा फोटो त्यांनी जवळ ठेवला.

या फोटोपाशी आता बसू या. बराच वेळ बसू.

एका निवृत्त माणसाच्या जवळ एक छोटा फोटो आहे. मुलगी त्याची नाही. त्याच्या घरात ती कधी वावरली नाही, तिच्या सवयी त्याला माहीत नाहीत. तरी फोटो तिथं आहे. सकाळी घराबाहेर पडताना आहे. भाजी घेताना आहे.

फोटोतली मुलगी सात वर्षांची आहे. पुढच्या वर्षीही सात वर्षांची आहे. तिथं तिचं वय वाढत नाही.

बाहेर, कुठेतरी, ती वाढते आहे. दात पडून नवे येतात. आवाज बदलतो. उंची बदलते. कागदावर लिहिलेलं वर्णन दर महिन्याला थोडं थोडं खोटं होत जातं.

शोधणाऱ्याला दोन्ही चेहरे धरून ठेवावे लागतात. हातातला, आणि जो त्यानं कधी पाहिलेला नाही तो.

तुम्हीही धरून बघा. ओळखीतलं एखादं मूल घ्या, जे खूप दिवसांत भेटलेलं नाही. त्याचा तेव्हाचा चेहरा आणा. आता त्याला मोठं होऊ द्या. सावकाश. नाक, भुवया, खांदे. चेहरा स्थिर राहणार नाही, हलेल. हलू द्या.

मालिकेत हा सगळा काळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बसतो. अंधेरीत तो साडेनऊ वर्षं चालला.

साडेनऊ वर्षं कशी असतात? नऊ पावसाळे, आणि दहावा अर्धा. प्रत्येक पावसाळ्याला थोडा वेळ द्या. पत्र्यावर पहिला पाऊस. आईच्या मनात येतं, ती भिजत असेल का. पाऊस थांबतो. पुन्हा पुढच्या वर्षी पहिला पाऊस.

पुन्हा.

पुन्हा.

4 ऑगस्ट 2022 रोजी ती सापडली. सोळा वर्षांची झाली होती. ज्या जोडप्यानं तिला नेलं होतं त्यांच्याकडे ती काही काळ लांब, दुसऱ्या राज्यात होती, आणि नंतर पुन्हा अंधेरीतच. तिला तिच्या घरच्यांपासून तोडून तिच्याकडून कामं करून घेतली जात होती. सापडली तेव्हा ती स्वतःच्या घरापासून साधारण 500 मीटरवर राहत होती.

पाचशे मीटर.

हे अंतर डोक्यानं समजून उपयोग नाही. चालून बघू या. मनातच.

पडेगावच्या मुख्य रस्त्यावर, घराजवळच्या एखाद्या दुकानापाशी उभे राहा. छावणीकडे तोंड करा. चालू लागा. किराणा. पंक्चरचं दुकान. चहाची टपरी, तिथं कुणीतरी हात वर करून नमस्कार करतं. औषधांचं दुकान. सलून. एक गल्ली आत जाते. दुसरी गल्ली. कपडे वाळत घातलेली गच्ची. सहा-सात मिनिटं झाली असतील.

थांबा. पाचशे मीटर झाले.

मागे वळून बघा. जिथून निघालात ते दुकान कदाचित अजूनही दिसत असेल.

किती दारांवरून गेलात? किती खिडक्यांवर नजर गेली? कुठल्या चेहऱ्यावर थांबली?

याचं उत्तर द्यायचं नाही. रस्ता फक्त परत एकदा चालायचा आहे. या वेळी आणखी हळू. एका गच्चीत एक मुलगी कपडे उचलते आहे. ती कोण, तुम्हाला ठाऊक नाही. तिच्याकडे एक क्षण, आदरानं, बघा. मग पुढे जा.

मला या घटनेत सगळ्यात जास्त धरून ठेवते ती शेवटची पायरी. मुलीला कळलं होतं की हे आपलं घर नाही. तिच्यासोबत काम करणाऱ्या एका बाईनं तिचं ऐकलं. ऐकलं, आणि मग मोबाईलवर शोधलं. हरवलेल्या मुलीचं जुनं पोस्टर निघालं. मुलीनं त्यात स्वतःला पाहिलं.

या क्षणापाशी या. हातात छोटा पडदा. पडद्यावर सात वर्षांचा चेहरा. बघणारा चेहरा सोळा वर्षांचा.

दोन्ही चेहऱ्यांचे डोळे तेच.

पोस्टरवर पाच फोन नंबर होते. पहिला लावला. बंद. दुसरा. बंद. चार नंबर बंद होते.

श्वास आत.

पाचवा लागला. शेजाऱ्याचा होता.

रिंग वाजते आहे असं समजा. ऐका. मध्ये शांतता. पुन्हा रिंग. पलीकडे कुणीतरी हातातलं काम टाकून फोनकडे येतं आहे. नंबर अनोळखी आहे. घ्यावा की नाही?

त्यानं घेतला.

श्वास बाहेर.

मायलेकी भेटल्या. वडील तोवर गेले होते. ही गोष्ट सांगताना तेवढं गाळून पुढे जाता येत नाही. त्यांच्यासाठी इथं थोडी जागा सोडा.

भोसल्यांनाही कळलं. निवृत्तीला सात वर्षं झाली होती.

काही वेळ काही वाचू नका. बाहेर एखादी गाडी गेली असेल तर तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐका.

आणखी एक ठिकाण. तिथं उलटं घडतं. तिथं माणूस आधी सापडतं आणि घर नंतर शोधावं लागतं.

कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी हे काम 1988 मध्ये मुंबईत सुरू केलं. त्यांना रस्त्यावर एक तरुण दिसला. तो करवंटीनं गटारातलं पाणी पीत होता. शेजारून माणसं जात-येत होती. हे दोघं थांबले. त्याला आपल्या रुग्णालयात नेलं. उपचारांनी तो बोलू लागला तेव्हा कळलं, तो आंध्रचा, पदवीधर.

2018 मध्ये डॉ. भरत वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर सात हजारांहून जास्त माणसं त्यांच्या संस्थेकडून घरी पोचली होती.

ते कसं होतं, ते बघू या.

एक बाई खाटेवर बसली आहे. अंघोळ झाली आहे, केस कापले आहेत, औषध सुरू आहे. समोर एक कार्यकर्ती आहे. ती विचारते, गाव कोणतं, ताई?

उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. गाव कोणतं?

उत्तर नाही.

या ‘उत्तर नाही’मध्ये बसा. हा मघाचाच मोकळा रस्ता आहे, माणूस विरून गेल्यावर उरलेला. फरक एवढाच की इथं माणूस समोर बसलं आहे आणि गाव नाहीसं झालं आहे.

तिसऱ्या दिवशी. दहाव्या दिवशी. आवाज तोच, मऊ. ढकलणारा नाही.

मग कधीतरी बाई म्हणते, नदी आहे.

नदी.

कार्यकर्ती ते लिहून घेते. नदीचं नाव ती विचारत नाही. आज नाही. आज नदी पुरे.

तुमच्या मनात आत्ता एखादी नदी आली का? येऊ द्या. पडेगावकराच्या मनात कदाचित खाम येईल, तिच्या काठची छावणी, पूल. ज्यांनी गाव सोडलं त्यांना त्यांचीच नदी दिसेल. तिच्या पाण्यात पाय टाका. गार आहे का? घाट आहे की नुसता उतार? पलीकडच्या काठावर काय आहे?

पलीकडच्या काठावर एक देऊळ आहे, बाई म्हणते. चार दिवसांनी.

मग जवळचं बाजाराचं गाव. मग भावाचं नाव. असं एकेक येतं. कार्यकर्ती पिशवी भरते, रेल्वेचं तिकीट काढते, आणि बाईला घेऊन निघते. दारापर्यंत.

अशा शोधात कुणाचाही पाठलाग नाही. कान मात्र सतत उघडा ठेवावा लागतो. मालिकेतला जॅक मेलोन असो, अंधेरीतले भोसले असोत, कर्जतची कार्यकर्ती असो, ही माणसं एका अनोळखी माणसाला घरच्यासारखं बघायला शिकली आहेत. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

आता आपल्या रस्त्यावर परत येऊ.

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी निघतात. पडेगावचा हा रस्ता त्या रात्री पावलांनी भरतो. लेकरं खांद्यावर, लेकरं हात धरून, काही लेकरं हात सोडून पुढे धावणारी.

ती गर्दी डोळ्यांपुढे आणा. पावलांचा आवाज. घोषणा. सरबत वाटणारे हात. धूळ.

गर्दीत एक मूल एकटं उभं आहे. रडत नाही. फक्त इकडेतिकडे बघतं आहे, आणि त्याची नजर फार उंच जाते, मोठ्यांच्या चेहऱ्यांपर्यंत.

तुम्ही थांबता.

खाली बसा. गुडघ्यावर. तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. लगेच नाव विचारू नका. आधी बघा. अंगात पिवळा सदरा. पायात एकच चप्पल. उजव्या गालावर सुकलेलं पाणी. कपाळाला गंध. मनगटाला काळा दोरा.

हे सगळं आत्ता कुणीतरी कुठंतरी आठवत असेल, डोळे मिटून.

मूल तुमचं बोट धरतं. बोटावर तेवढा दाब जाणवू द्या.

आता श्वास मोजू या. वरून खाली.

श्वास आत, बाहेर. दहा.

आत, बाहेर. नऊ.

आत, बाहेर. आठ.

पुन्हा करा. दहा. नऊ. आठ.

तिसऱ्यांदा, मनातल्या मनात. दहा, नऊ, आठ.

हा 1098 आहे, मुलांसाठीचा मदतीचा फोन. मुंबईत 1996 साली सुरू झाला, पुढं देशभर गेला. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो. मोठं माणूस हरवलेलं असेल तर 112, किंवा जवळचं पोलीस ठाणं. चोवीस तास थांबायची गरज नाही, आणि अठरा वर्षांखालचं लेकरू असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निर्देशांप्रमाणे पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवायचा असतो. ठाण्यात पहिल्यांदा नाव आणि वय विचारतील. मग अंगात काय होतं ते विचारतील.